विहिरीच्या तळातली पितळी झडप

मी एक जुनी पितळी झडप आहे. मित्रांनो, नीट बसा आणि मधे बोलू नका. ज्यांना पंपाची हकीकत हवी असेल त्यांनी पंपाकडे जावे. तो उजेडात बसून गुरगुरतो, लोक त्याला हार घालतात. माझे आयुष्य त्याच्या नळाच्या अगदी शेवटच्या टोकाला, विहिरीच्या काळोखात, पाण्याखाली गेले. शिकलेले लोक मला फूट व्हॉल्व्ह म्हणतात आणि बाजारात मला सरसकट 'फुटबॉल' म्हणतात. ते नाव मला कधीच आवडले नाही, पण कामाच्या वेळी कोणी हाक मारली तर मी ओ दिली नाही असे कधी झाले नाही.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका ओतशाळेत झाला. माझ्या अंगात कोणाच्या तरी देवघरातली मोडकी समई आहे आणि कोणाच्या तरी लग्नातले पोचे पडलेले घंगाळ आहे. त्या सर्वांना भट्टीत एकत्र वितळवून आमचा लाल रस केला आणि वाळूच्या साच्यात ओतला. थंड झाल्यावर घणाने साचा फोडून मला बाहेर काढले, कानशीने खरवडले, लेथावर फिरवून सोलले. शेवटी पोटात पाणी कोंडून माझी परीक्षा घेतली. माझ्याच साच्यातली दुसरी झडप त्या परीक्षेत फुटली आणि तिचा तुकडा कारागिराच्या मांडीत घुसला. मी फुटले नाही. माझ्या आत जाड चामड्याची बिजागरीची चकती बसवली, खाली जाळी लावली, आणि मी संसाराला तयार झाले.

माझे काम समजून घ्या. पंप पाणी ओढतो असे तुम्हाला वाटते. ते खोटे आहे. पाण्याला शेंडी नसते, त्याला कोणी धरून ओढू शकत नाही. पंप फक्त नळात पोकळी करतो. आपल्या सर्वांच्या डोक्यावर कित्येक मैल उंच हवेचा ढीग आहे, आणि तो विहिरीच्या पाण्यावर अहोरात्र बसलेला असतो. नळात पोकळी झाली की तो ढीग पाण्याला दाबतो, आणि दाबलेले पाणी नळात चढते. म्हणजे रेटणारी हवा आहे, पंप केवळ वाट मोकळी करून देतो. मात्र पंप थांबला की चढलेले पाणी परत खाली पळू पाहते. तिथे मी उभी असते. पाणी वर जाताना उघडायचे आणि खाली येऊ लागले की मिटायचे, एवढेच माझे व्रत. मी नीट मिटले नाही तर नळ रिकामा होतो, आणि रिकाम्या नळावर पंप नुसता भुंकतो. हवेला तो पकडू शकत नाही.

मला बंगळुरात आणले ते हंबीररावांनी. होसूर रस्त्याला, शहराच्या वेशीबाहेर, त्यांच्या आईचे, अंबूबाईंचे, सूत रंगवण्याचे आवार होते. अंबूबाईंच्या सासरची माणसे चार पिढ्या बंगळुरात राहिलेली. घरात मराठी, आवारात कानडी. यजमान गेल्यापासून सगळा कारभार बाईंच्या हाती होता, आणि त्यांच्या शब्दापुढे कोणी शब्द काढीत नसे. थोरले हंबीरराव आवार पाहत. धाकटे विश्वासराव सायकलवरून सरकारी कारखान्यात यंत्रांच्या कामाला जात. विश्वासरावांची पत्नी प्रेमा रंगवलेल्या लडी वाळवण्याचे काम पाही. तोपर्यंत विहिरीचे पाणी बैलांच्या मोटेने निघत होते. हंबीरराव अलिबागला सासुरवाडीस गेले, तिथल्या वाडीत विजेचा पंप पाहून आले, आणि तसाच पंप त्यांनी इथे आणला.

पंप बसवण्याच्या दिवशी पहिली ठिणगी पडली. विहिरीच्या काठावर, रस्त्यावरून दिसेल असा, हंबीररावांनी दगडी ओटा बांधून घेतला होता.

"अण्णा, पाणी पंचवीस फूट खाली आहे," विश्वासराव म्हणाले. "काठावरून नाही चढायचं. पंप विहिरीतल्या टप्प्यावर उतरवू या."

"अलिबागला पंचवीस फूटच आहे. तिथं चढतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथलं पाणी गुणी आणि आमचं तेवढं उनाड, असं आहे काय?"

"पाणी तेच आहे, हवा वेगळी. अलिबाग समुद्राला लागून आहे. आपण समुद्रापेक्षा तीन हजार फूट उंचावर बसलोय. आपल्यावर हवेचा भार कमी, म्हणून पाण्याला रेटाही कमी."

हंबीरराव मोटर चालवणाऱ्या मल्लाप्पाकडे वळले. "ऐकलंस का मल्लाप्पा? साहेब कारखान्यात जायला लागल्यापासून त्यांना बंगळूरची हवा पण कमी पडायला लागली."

मल्लाप्पा दोन्ही धन्यांना पुरेल एवढेच हसला.

"पंप काठावरच राहील," हंबीरराव म्हणाले. "खड्ड्यात लपवायला ती काय चोरीची वस्तू आहे?"

मला नळाच्या टोकाला कसून आवळले आणि विहिरीत सोडले. लोखंडी नळ फार चुगलखोर असतो, मित्रांनो. वरचा प्रत्येक शब्द तो खाली आणून सांगतो. त्यामुळे पुढचे सर्व मी ऐकले. नळ पाण्याने भरला, नारळ फुटला, मोटर सुरू झाली. पंपाने पोकळी केली, पण बाहेरची हवा पाण्याला तेवढे उंच रेटू शकेना. पोकळी वाढत गेली, इतकी की तिच्यात पाणी विस्तवावाचून उकळू लागले. त्याचे बुडबुडे पंपाच्या पात्यांवर फुटू लागले आणि पंपाच्या पोटात कोणी मूठभर खडी भरडत असावे तसा आवाज होऊ लागला. नळ थडथडला, सांधे थुंकू लागले. माझी चकती वेड लागल्यासारखी आपटत होती. आणि वर पन्हळीत आले ते मुलाच्या करंगळीएवढे पाणी.

जमलेल्या शेजाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "आवाज रग्गड, पाणी स्वल्प." सगळे हसले.

पंपाची पाती फुटतील म्हणून विश्वासराव न विचारता पुढे झाले आणि त्यांनी खटका बंद केला. त्याच क्षणी हंबीररावांच्या हातातला जड पान्हा त्यांच्या खांद्यावर बसला. मी पाण्याखाली होते, तरी गळ्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज नळाने मला पोचवला. विश्वासराव ओट्यावर कोसळले. हंबीररावांनी दुसऱ्यांदा हात उचलला.

"हंबीर, पान्हा खाली ठेव."

अंबूबाईंचा आवाज चढला नव्हता. पान्हा खाली पडला.

"उद्या पंप विहिरीतल्या टप्प्यावर उतरेल," बाई म्हणाल्या. "आणि तो तूच उतरवशील."

त्यांनी उतरवला. पंप पाण्याजवळ आला, हवेला झेपेल एवढीच चढण उरली, आणि मनगटाएवढी धार पन्हळीत कोसळू लागली. हंबीरराव ओले अंग घेऊन आईसमोर उभे राहिले. "उतरवला. आता त्या टप्प्यावर माझा पाय पडणार नाही, आणि ह्याच्याशी माझं बोलणं नाही."

"पाय तुझा आहे, जीभही तुझी," अंबूबाई म्हणाल्या. "पण जेवायला दोघं एकाच पंगतीला बसाल."

आणि तसेच झाले. हाड सांधले, पण विश्वासरावांचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. दोघे भाऊ एका पंगतीत बसत आणि हंबीरराव म्हणत, "प्रेमा, साहेबांना विचार, मीठ इकडं सरकवायला कारखान्याचा हुकूम लागतो का." प्रेमा मीठ सरकवी. हसत कोणी नसे.

ती वर्षे माझ्या ऐन कामाची. विहिरीत उतरावे लागू नये म्हणून विश्वासरावांनी पंपात पाणी भरण्यासाठी एक बारीक नळी काढून काठापर्यंत आणली आणि तिच्या तोंडाला नरसाळ्यासारखे नाळके बसवले. पण त्या नाळक्याची गरज क्वचितच पडे. मी पाणी असे धरून ठेवी की आठवडाभर बंद पडलेला पंपही खटका दाबताच बोलू लागे. "फुटबॉल चांगला मिळाला," मल्लाप्पा म्हणे. तेवढेच माझे कौतुक. हार मात्र पंपाला.

आणि ह्या हारांनीच घात केला.

बंगळुरात खंडेनवमीचा थाट मोठा. त्या दिवशी प्रत्येक यंत्र, सायकल, कात्री, तराजू धुऊन पुसून त्यांची पूजा करतात, कोहळा फोडतात, आणि दिवसभर यंत्राला हात लावीत नाहीत. त्याआधी नवरात्राचे दिवस देवीला रोज नवे हार. आदल्या दिवशीचे निर्माल्य अंबूबाई स्वतःच्या हाताने विहिरीत सोडीत. तशी त्यांच्या सासूची रीत होती. इथले हार केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवतात. फुले कुजून जातात, सोपट कुजत नाही.

एका वर्षी विश्वासराव म्हणाले होते, "आई, फुलं विहिरीत नका सोडू. त्यातले दोरे खाली झडपेत जातील."

"माझ्या घरातलं निर्माल्य पाण्यातच जाईल," अंबूबाई म्हणाल्या होत्या. "तुझ्या लोखंडाला सोवळं शिकव, मला शिकवू नकोस."

पुढे कोणी तो विषय काढला नाही. नंतरच्या एका वर्षी माझी जाळी एका बाजूने गंजून विरली होती, आणि नवरात्रभर पंप चालत असल्यामुळे ते दोरे पाण्याबरोबर माझ्याकडे ओढीने येत राहिले. एक आला, दुसरा आला, त्यांचा पीळ झाला, आणि तो माझ्या चकतीखाली अडकला. मी मिटू पाही, पण मिटत नसे. अंगणातले दार चपलेवर अडकावे तशी माझी अवस्था झाली. पंप रोज चालू होता तोपर्यंत कोणाला कळले नाही. खंडेनवमीला पंप थांबवला, त्याला गंध लावले, आणि त्या दिवसभराच्या विश्रांतीत माझ्या तोंडून नळातले सगळे पाणी हळूहळू निसटून गेले.

संध्याकाळच्या आरतीला वारा सुटला. तबकातली पेटलेली कापराची वडी उडून सुताच्या ढिगावर पडली. ढीग भडकला, ढिगाशेजारची भट्टीची लाकडे पेटली, आणि आग जिन्याने माळ्यावर गेली. माळ्यावर वाळवणीच्या बांबूंना हळदकुंकू लावायला प्रेमा गेली होती. जिना जळाला. माळ्याच्या एका बाजूला गजांची खिडकी होती, दुसऱ्या बाजूला लडी वर घेण्याचे मोकळे दार, आणि त्या दारातच आग उभी होती. प्रेमा खिडकीचे गज धरून हाका मारू लागली.

मल्लाप्पाने खटका दाबला. पंप भुंकला. पाण्याचा थेंब नाही.

विश्वासराव रंगाच्या कुंडीतले पाणी बादलीने नाळक्यात ओतू लागले. उजवा हात चढेना म्हणून त्यांनी बादली छातीशी धरली. एक बादली, दुसरी, तिसरी. लाल रंगाचे पाणी नळातून उतरून माझ्या तोंडून विहिरीत सांडत होते. शेजारी घागरींनी जमिनीवरची आग झोडपत होते, पण घागरीचे पाणी माळ्यापर्यंत पोचत नव्हते.

"नळ भरत नाही," विश्वासराव ओरडले. "खालची झडप गळतेय. तिच्या तोंडात काहीतरी आहे."

हंबीरराव जवळच उभे होते. त्यांनी डोक्याचे मुंडासे काढले, ज्या टप्प्यावर पाय ठेवायचा नव्हता त्यावर पाय ठेवला, आणि तिथून पाण्यात उडी घेतली.

पाऊसकाळ नुकताच सरला होता, मी पाण्याखाली एक पुरुष खोल होते. त्यांचा हात प्रथम माझ्या कानाला लागला. त्यांनी विरलेली जाळी ओढून फाडली, तिच्या तारांनी त्यांचा तळहात चिरला. मग दोन बोटे माझ्या तोंडात घालून त्यांनी चकती वर रेटली आणि दुसऱ्या हाताने दोऱ्यांचा पीळ उपसला.

वर विश्वासराव ओततच होते. नळात साठू पाहणारे सगळे पाणी, टप्प्यापासून माझ्यापर्यंतचा तो उभा खांब, एकदम चकतीवर येऊन बसला. चकती मिटली. हंबीररावांची दोन बोटे आत होती.

मित्रांनो, मी ती बोटे सोडली नाहीत. सोडणे माझ्या स्वभावात नाही आणि माझ्या हातातही नाही. वरून पाणी दाबते तेव्हा मी मिटते. पण बोटे मधे असेपर्यंत मला पूर्ण मिटता येत नव्हते, आणि त्यांच्या फटीतून लाल पाणी वाहत होते. हंबीररावांच्या छातीतली हवा संपत आली. त्यांच्या दुसऱ्या हाताने नळ चाचपला, पाण्याच्या वेगावरून त्यांना कळले की नळ अजून रिकामाच होतो आहे. त्यांनी पाय नळाला लावले आणि हात ओढला. एकदा. मग पुन्हा, सर्व जोराने. पेरी माझ्यात राहिली, हात बाहेर गेला. नंतर त्या पाण्यात रंग कुठला आणि रक्त कुठले, ते मला सांगता येणार नाही. मी मिटले.

पाण्यावर डोके निघताच ते ओरडले, "ओत, विश्वास. आता ओत."

त्या पान्ह्याच्या दिवसानंतर भावाशी बोललेले ते पहिले शब्द.

नळ भरला. मल्लाप्पाने खटका दाबला आणि मी उघडले. माझ्या तोंडात होते ते पाण्याबरोबर वर गेले. धार सुटली, ती आधी लाल आली, मग स्वच्छ. हंबीरराव टप्प्याच्या पायऱ्या चढून काठावर आले, मुंडासे हाताला गुंडाळले आणि कुंड्या भरण्यासाठी पंपाला जोडलेली लांब नळी काखेत आवळली.

"तुझा हात," विश्वासराव म्हणाले.

"हाताचं नंतर. पाणी मी धरतो, तू शिडी लाव."

त्यांनी माळ्याच्या दाराला धार मारून वाट ओली केली. विश्वासराव एका हाताने शिडी चढले. प्रेमाला त्यांनी खांद्यावर घेऊन उतरवले तेव्हा तिचे केस जळाले होते आणि डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलली होती. पण ती जिवंत होती, आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "आत्याबाई, हळदकुंकवाचं तबक वरच राहिलं."

अंबूबाई पुढे झाल्या. त्यांनी तिला पदराखाली घेतले.

माझा शेवट त्यानंतर झाला. आगीने विजेची तार जळाली आणि ऐन भरात धावणारा पंप एका क्षणात मेला. लांबलचक नळीत पाणी वेगाने वर चालले होते. ते थबकले, वळले आणि सगळ्या वजनानिशी खाली आले. वाहते पाणी मऊ असते. अचानक अडवलेले पाणी घणासारखे असते. तो घण मिटलेल्या माझ्यावर पडला. कोल्हापूरच्या परीक्षेत न फुटलेली मी त्या तडाख्याने उभी चिरले. तोवर आग अर्धी मेली होती. उरलेली घागरींनी मारली.

पुढे नवी झडप आली, नवी जाळी आली. मला काढून भंगारात टाकले. काही दिवस मी नीळ भिजवण्याच्या हौदाच्या झाकणावरचे वजन होते. नंतर तेही नाही. पावसात पडून माझ्यावर हिरवट गंज चढला, आणि मुले मला पायाने लोटून खेळत. मी कधी कोणाकडे तक्रार केली नाही.

पुन्हा खंडेनवमी आली. सकाळी अंबूबाई निर्माल्याची परडी घेऊन विहिरीकडे आल्या. आवारातली सगळी माणसे उभी होती. हंबीररावांचा हात कठड्यावर होता आणि त्याची दोन बोटे आखूड होती. बाई त्या हाताकडे पाहत थोडा वेळ थांबल्या. मग विहिरीला पाठ करून नारळाच्या झाडाकडे गेल्या आणि परडी त्याच्या मुळाशी पालथी केली.

"नारळाला खत लागतं," त्या म्हणाल्या. "दरसाल इथंच घालायचं."

"सरी, अक्का," मल्लाप्पाने कानडीत होकार दिला.

जाताना बाईंना मी गवतात दिसले. त्यांनी मला स्वतः उचलले, चिंचेने घासायला लावले आणि कठड्याच्या कोनाड्यात ठेवले. गंध पंपाच्या आधी मला लागले. तेव्हापासून माझी जागा इथे आहे.

तर मित्रांनो, यंत्राला हार घालण्याआधी त्याचे जे अंग तुम्हाला दिसत नाही ते वर काढून पाहा. जाळी विरली असेल तर बदला. चामडे वाळले असेल तर भिजवा. धावणारे पाणी एकदम अडवू नका, आणि घरात जाणता माणूस काही सांगत असेल तर तो धाकटा आहे म्हणून त्याला गप्प बसवू नका. दुखण्याची वाट पाहत बसलात तर ते बोटे मागते, आणि घेतल्यावर परत देत नाही.

आता दर पंधरवड्याला दोघे भाऊ मिळून दोरीने नळ वर ओढतात. एक तीन बोटांनी, एक खांद्यावर न चढणाऱ्या हाताने. त्या सकाळी मल्लाप्पा खटक्याजवळ उभा राहतो, पण दाबत नाही.

"विश्वास, झडप पाहिलीस?" हंबीरराव विचारतात.

"पाहिली, अण्णा."

मग खटका पडतो, आणि खाली, काळोखात, नवी झडप उघडल्याचा आवाज मला ऐकू येतो.